भरतीच्या आधीचा तास

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी आमच्या रेडिओ केंद्रावरचा रॉक संगीताचा कार्यक्रम दुपारी चारऐवजी पूर्ण भरतीच्या आधीच्या तासात लागू लागला. तोपर्यंत केंद्राचे सगळे कार्यक्रम घड्याळावर चालत. बाकीचे अजूनही चालतात.

केंद्र सामुदायिक आहे. अलिबाग आणि चौलच्या मधल्या एका गावात, एका शिक्षणसंस्थेच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, गच्चीवर मनोरा. जमिनीवर आवाज पंधरा-एक किलोमीटर जातो. समुद्रावर आडवं काही नसल्यामुळे जरा जास्त. मी या केंद्रात आले ती अलिबागच्या एका दैनिकाची जिल्हा आवृत्ती बंद झाल्यावर. तिथे मी उपसंपादक होते. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नसते, माहिती देता येते. त्यामुळे वीज कधी जाणार, पाणी कुठे येणार नाही, बोट कधी सुटणार, भाताचं बियाणं कुठे मिळेल, हे मी लिहिते आणि वाचते. काम आवडण्यासारखं आहे. चूक झाली तर तासाभरात कुणीतरी फोन करून सांगतं.

रॉकचा कार्यक्रम करणारा जॉकी माझ्या आधीपासून केंद्रात होता. तो रोहा बाजूच्या, समुद्रापासून आत असलेल्या एका गावातला. घरची भातशेती थोडी, वडील खत कारखान्यात नोकरीला. कारखान्याच्या वसाहतीत बदली होऊन जाणाऱ्या एका इंजिनियरने आपली गिटार आणि कॅसेटचा एक खोका त्यांच्या घरी सोडला. सामान जास्त झालं होतं, एवढंच कारण. त्या कॅसेट ऐकून तो शिकला. शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे काही सूर तो अजूनही जगावेगळ्या बोटांनी धरतो आणि विचारलं तर तेच बरोबर असल्याचं सांगतो.

पुढे चौघांचा बँड झाला. ड्रम वाजवणारा पेणचा होता आणि गणपतीच्या आधीचे चार महिने मूर्ती रंगवायच्या असल्यामुळे मिळत नसे. या किनाऱ्यावर लग्नाच्या हळदीला बेंजो पार्टी लागते. हे लोक सुरुवातीची काही वर्षं बेंजो पार्टीच्या मधल्या सुट्टीत वाजवत. बेंजोवाले जेवायला बसले की यांना संधी. जेवणं आटोपली की हात पुसत बेंजोवाले परत येत आणि यांना उतरावं लागे. नंतर नागाव, किहीमच्या रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवारची कामं मिळाली. तिथे मुंबईहून आलेली माणसं हिंदी सिनेमाची गाणी मागत. तो ती म्हणत असे, चांगली म्हणत असे, आणि मधेच स्वतःचं एखादं मराठी गाणं घुसवत असे. त्याची स्वतःची गाणी मोठ्या आवाजाची, संथ आणि लांब आहेत. एक कारखान्याच्या भोंग्यावर आहे, एक त्याच्या गावात येणाऱ्या शेवटच्या एसटीवर.

रेडिओवर त्याला दुपारी चार ते पाच हा तास मिळाला होता. निम्मा मजकूर स्थानिक असावा या नियमामुळे तो पेण, पनवेल, रोह्याच्या पोरांचे बँड बोलावून वरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करत असे. दारं-खिडक्यांना गाद्या लावून. उरलेल्या वेळात बाहेरची गाणी. प्रत्येक गाण्याआधी तो बोलत असे आणि ते बोलणं आदल्या दिवशी लिहून काढत असे. हे गाणं कुणी केलं, गिटारचा आवाज असा फाटका का ठेवला, ड्रम कुठे थांबतो ते ऐका. मी त्याची काही पानं वाचली आहेत. एकही शब्द जास्तीचा नसे.

अडचण एकच होती. त्याच्या कार्यक्रमाला फोन येत नसत.

पाककृतीच्या कार्यक्रमाला फोन येत, सुपारीवरच्या रोगाला येत, सकाळच्या भजनाला तर इतके की वाचायला वेळ पुरत नसे. रॉकला महिन्यातून दोन-तीन. त्यातला एक बहुधा शेजारच्या वर्गातल्या प्राध्यापकांचा, आवाज कमी करा म्हणून. आमचा तंत्रज्ञ पनवेलचा होता. तो चार वाजले की फोनवर रुमाल टाकत असे आणि म्हणत असे, झोपू दे बिचाऱ्याला.

केंद्राची एक सल्लागार समिती आहे. अध्यक्ष चौलचे निवृत्त मुख्याध्यापक, बाकी सदस्य गावोगावचे. गेल्या वर्षी मेच्या बैठकीत वाडीवाल्यांच्या बाजूने मागणी आली की दुपारी चारचा तास नारळ-सुपारीच्या बागायतीला द्यावा. मागणी रास्त होती. काही वर्षांपूर्वीच्या वादळात चौलच्या बाजूच्या वाड्या पडल्या होत्या, नवी लावणी आता धरू लागली होती, लोकांना विचारायचं खूप होतं. अध्यक्षांनी जॉकीला श्रोते किती ते विचारलं. त्याने माहीत नाही असं सांगितलं. जूनअखेरच्या बैठकीत निर्णय घ्यायचं ठरलं.

त्याच सुमारास त्याला नागावच्या एका रिसॉर्टने पूर्णवेळ काम देऊ केलं होतं. रोज संध्याकाळी हिंदी गाणी, राहणं-जेवण तिथेच. तास गेला तर ते घ्यायचं, हे त्याने मला जिन्यात उभं राहून सांगितलं. रागाने नाही. स्वतःचं संगीत लावायला आणि वाजवायला त्याला या जिल्ह्यात दुसरी जागा नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

जूनमध्ये मासेमारीची बंदी सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात समितीच्या एक सदस्य पाककृतीच्या ध्वनिमुद्रणासाठी आल्या. त्या रेवदंड्याच्या खाडीवरच्या कोळीवाड्यातल्या, अलिबागच्या बाजारात मासळी विकणाऱ्या. बैठकीत फार बोलत नसत. स्टुडिओत जॉकी होता म्हणून त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि काचेतून पाहत राहिल्या. बाहेरच्या स्पीकरवर त्याचं गाणं लागलं होतं. तो बाहेर आला तेव्हा त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच काय रं तो? षष्ठीला लावतंस तो?"

त्याने सांगितलं, मावशी, मी रोज लावतो, चारला.

"रोज? होडीवर तर षष्ठी-सप्तमीलाच येतंय. आमचे सगले समजतान, देवाचा काय तरी असंल."

तो हसला. मी हसले नाही, कारण मला ते तपासायचं होतं. त्यांच्याकडून निघालेली हकीकत अशी. त्यांच्या मुलाच्या होडीवर केबिनमध्ये एक रेडिओ बांधलेला आहे. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साठलेली असल्यामुळे होड्या ओहोटीला आत येऊ शकत नाहीत, भरतीच्या सुमाराला येतात. आमचं केंद्र ऐकू येतं ते किनारा जवळ आल्यावर, म्हणजे भरतीच्या आधीच्या तासाभरात. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. ती पाचच्या आसपास येते ती षष्ठी-सप्तमीला. म्हणजे चार ते पाचचा कार्यक्रम होडीवर पंधरवड्यातून दोनच दिवस पोचत होता. होडीवरच्यांना तिथी ठाऊक असते, आमचं वेळापत्रक ठाऊक नव्हतं. त्यांनी कार्यक्रम तिथीवर ठेवला आहे असं धरलं होतं. इकडे आम्ही श्रोतेच नाहीत असं धरलं होतं.

जॉकीला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याच्या गावात पाणी नदीने येतं आणि जातं. माझं बालपण चौलच्या वाडीत गेलं असलं तरी होडीत मी फक्त पलीकडे जायला बसले होते.

एका माणसाच्या सांगण्यावर बातमी करायची नाही, ही जुनी सवय. मी जॉकीबरोबर बंदरावर गेले. होड्या वर ओढून शाकारलेल्या होत्या आणि शेडमध्ये जाळी शिवायचं काम चाललं होतं. आम्ही तीन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या होड्यांच्या माणसांना विचारलं. मावशी बरोबर नव्हत्या, ते मी मुद्दाम टाळलं होतं. तिन्हीकडे उत्तर एकच मिळालं, षष्ठी-सप्तमी. एका शेडमध्ये तर दोन खलाशांनी आमच्यासमोर एक गाणं तोंडाने वाजवून दाखवलं, एकाने ड्रम, दुसऱ्याने गिटार. ते त्याचंच, एसटीवरचं गाणं होतं. ते मोठं गाणं लागलं की खाडीत शिरेपर्यंत पुरतं, असं त्यांनी सांगितलं. गाणं कशावर आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

मी विचारलं की केंद्रावर दिवसभर इतर कार्यक्रम लागतात, मग हाच का लक्षात राहिला. उत्तर तांडेलाने दिलं. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, आणि हा साठीच्या पुढचा होता.

"बाईचा बोलना इंजिनात बुडतो. भजन पन बुडतो. ह्याचा ढोल तेवरा वर येतो."

बाई म्हणजे मी. वीज आणि पाण्याची माहिती इंजिनात बुडत होती, हे त्या दिवशी कळलं.

जॉकीने मग त्याला जे विचारायचं होतं ते विचारलं. गाण्यांच्या मधे मी जे सांगतो ते कसं वाटतं?

तांडेलाने शिवणाऱ्या हाताला जरा थांबवलं. "बोलतंस पन तू? आमाला वाटला मधी मधी रेडिओ बंद परतो."

शेडमध्ये हसू उठलं. एक जण म्हणाला, बोलू दे रं त्याला, शिकलेला हाय. जॉकीही हसला, पण जरा उशिरा. परत येताना रेवदंड्याच्या बाजारात चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "ताई, इतकी वर्षं मी लिहून आणत होतो."

विरोधी मत होतं, तेही नोंदवायला हवं. दुसऱ्या एका तांडेलाला हा कार्यक्रम नको होता. षष्ठी-सप्तमीला भांगाचे दिवस जवळ येतात, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ कमी असते ते दिवस. तेव्हा मासळी कमी मिळते. हा माणूस तो दोष गाण्यांना देत होता. ही गाणी लागली की जाळं रिकामं येतं, असं त्याने आम्हाला तोंडावर सांगितलं. मावशींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या की बोंबलाकडे रेडिओ असल्याचं त्यांनी अजून ऐकलेलं नाही.

जूनअखेरची बैठक दुपारी झाली. बागायतीची मागणी आधी मांडली गेली. मग जॉकीने आपलं म्हणणं मांडलं, आणि ते असं होतं की चारचा तास वाडीवाल्यांना द्यावा. त्याला तो नको. त्याला भरतीच्या आधीचा तास हवा, जो रोज जिथे येईल तिथे.

तंत्रज्ञाने विचारलं की रोज वेळ कोण काढणार. अध्यक्षांनी ते तोंडपाठ सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. किनाऱ्यावरच्या सगळ्याच सदस्यांना ते येत होतं आणि दोघांनी अध्यक्षांच्या बरोबरीने म्हटलं. खोलीत ते न येणारे दोघेच होते, जॉकी आणि पनवेलचा तंत्रज्ञ. मी नंतर बंदराच्या छापील वेळांशी ताडून पाहिलं. फरक बहुतेक दिवशी अर्ध्या तासाच्या आत होता. आम्ही छापील वेळ धरायचं ठरवलं.

अध्यक्षांचा आक्षेप वेगळा होता. रेडिओवर माणूस घड्याळ लावतो, ते म्हणाले. वेळ हलली की विश्वास हलतो. आक्षेप खरा होता. मावशींनी बैठकीत पहिल्यांदा हात वर केला आणि सांगितलं की होडीवर घड्याळ भरतीचंच असतं. तुमचा कार्यक्रम हलतंय असं तुम्हाला वाटतंय, आमाला वाटतंय तो आता जागेवर आला.

मग एकादशी निघाली. ती कुणाच्याही लक्षात आली नव्हती. मी कागदावर पंधरवड्याच्या वेळा मांडत होते तेव्हा दिसलं की दशमीला हा तास संध्याकाळी पडतो, पण एकादशीला केंद्राच्या वेळेत बसते ती सकाळची भरती, म्हणजे तास सव्वासात ते सव्वाआठ. सकाळचं भजन साडेसातला असतं. म्हणजे महिन्यातल्या दोन्ही एकादश्यांना, दरवेळी न चुकता, भजनाच्या जागी रॉक लागणार. मी ते वाचून दाखवलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. ते म्हणाले, हे मात्र होणार नाही. जॉकीने लगेच मान्य केलं, एकादशीला मी नाही. त्यावर मावशी त्याच्यावरच घसरल्या. एकादशीला काय होड्या उलट्या जातान? संध्याकाळची भरती हाय की. संध्याकाळची भरती साडेआठची आणि केंद्र आठला बंद होतं. अर्धा तास कोण थांबणार यावर सगळ्यांनी तंत्रज्ञाकडे पाहिलं. तो म्हणाला की माझी शेवटची गाडी जाते. जॉकीने मोटारसायकलवरून पेणपर्यंत सोडायची तयारी दाखवली. तंत्रज्ञाने अट घातली, वाटेत गाणं म्हणायचं नाही.

ठराव एका हंगामापुरता मंजूर झाला. नारळी पौर्णिमेपासून होळीपर्यंत, मग पुन्हा विचार. चारचा तास बागायतीला गेला. पाककृती, भजन आणि माझी माहिती यांच्या वेळा हलणार नाहीत. रॉकचा तास त्यांच्यावर आला तर त्यांच्यापुरता थांबेल आणि पुढे चालू होईल.

पहिल्या दिवशी द्वितीया होती. कार्यक्रम साडेबारा ते दीड. जॉकी नेहमीसारखं बोलला नाही. गाण्याचं नाव, बँडचं गाव, पुढचं गाणं. लिहिलेली पानं त्याने आणली नव्हती. माझी माहितीही त्या तासात बदलली. बंदरावर बर्फ आहे की नाही आणि संध्याकाळी वीज जाणार का, एवढंच, एकेक वाक्य, ते त्याने ड्रमच्या ठेक्यावर बसवून घेतलं. उपसंपादक म्हणून मी अनेक बातम्या छोट्या केल्या होत्या, इतक्या कधीच नाही. ध्वनिमुद्रणात ठेका चुकला की तो मला काचेपलीकडून हाताने परत सुरू करायला सांगे. पाचव्या-सहाव्या प्रयत्नात जमायचं. ते दिवस मला आवडले.

सुरुवातीला तक्रारी आल्या. आक्षीच्या एका बाईंनी कळवलं की दुपारी डोळा लागला की तुमचा ढोल सुरू होतो, आणि काल तर सकाळीच. कधी झोपायचं ते त्यांना तिथीवरून आधीच काढता येईल, असं तंत्रज्ञाचं मत होतं, ते त्यांना कळवलं नाही. फोन मात्र फारसे वाढले नाहीत. होडीवरून फोन करायला हात मोकळे नसतात, आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला असतो. निरोप मावशींकडून येत. त्या बाजाराला जाताना एखाद्या दिवशी वर येत आणि सांगत, परवाचं पाचवं गाणं पुन्हा लाव, पोरं मागतान. परवाचं पाचवं कुठलं ते जॉकीला शोधावं लागे. एकदा त्यांनी येताना ओले बोंबील आणले आणि तंत्रज्ञाने आयुष्यात पहिल्यांदा केंद्रात उशिरापर्यंत थांबायला हरकत घेतली नाही.

गाणी नकोत म्हणणाऱ्या तांडेलाचं काय झालं, तेही मी विचारलं. आता ती रोज लागत असल्यामुळे मासळी भरपूर आली तरी लागत होती आणि नाही आली तरी. त्याने दोष देणं सोडलं. गाणी त्याला आवडली असं मात्र त्याने म्हटलेलं नाही.

माघात त्याच्या बँडने बंदरावर वाजवलं. कोळीवाड्यातल्या एका हळदीला बेंजो पार्टी होतीच. बेंजोवाले जेवायला बसले तेव्हा घरच्यांनी या चौघांना उभं केलं. मूर्ती रंगवायचे महिने अजून लांब असल्यामुळे पेणचा ड्रमवाला मोकळा होता. त्यांनी एसटीवरचं गाणं सुरू केलं आणि खलाशांनी ते तोंडाने बरोबर वाजवलं, शब्द सोडून. बेंजोवाले हात पुसत आले. त्यातला मुख्य वाजवणारा थोडा वेळ ऐकत राहिला, मग आपला बेंजो लावून त्याच गाण्यात शिरला. जॉकीला उतरायला कुणी सांगितलं नाही. त्यातला काही भाग मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला. आवाज फाटका आहे. त्याने तो तसाच कार्यक्रमात लावला.

नागावच्या रिसॉर्टला त्याने दिवाळीच्या आधीच नकार कळवला होता. शनिवारी-रविवारी तो तिथे अजूनही हिंदी गाणी म्हणतो, भरतीचा तास सोडून. तिथल्या व्यवस्थापकाने त्यासाठी भिंतीवर तिथींचं कॅलेंडर लावलं आहे.

होळीनंतर समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी ठराव स्वतः मांडला, मावशींनी अनुमोदन दिलं. कार्यक्रम मुदतीशिवाय चालू ठेवावा, बंदीच्या दोन महिन्यांत तो दुपारी जाळी शिवायच्या वेळेला लावावा, एवढा बदल होऊन तो एकमताने मंजूर झाला. जॉकी बैठकीला नव्हता. त्या दिवशी चतुर्थी होती, भरती तीनला. ठराव झाला तेव्हा तो स्टुडिओत होता आणि कार्यक्रम संपायला वीस मिनिटं होती.